शेंबीचा कळस

पोळ्याच्या दिवशी आमच्या घरी बैलांच्याही आधी एका माणसाची वाट पाहिली जायची. गोठ्यात बैल तयार उभे असायचे, शिंगं साळून त्यांवर हिंगूळ चढलेला असायचा, गडी झुली खांद्यावर टाकून खोळंबलेले असायचे. आणि माझा आजा, किन्हीराजाचा जानराव पाटील, फाटकाशी उभा राहून मालेगावच्या वाटेकडे डोळे लावून असायचा. लांबून एक तट्टू दिसलं, त्याच्या पाठीवर भाता आणि पोतडी दिसली, की आजा ओरडायचा, "आला रे मेहबूब! आना बैल भाईर." तोवर कोणी कोणत्याही शिंगाला शेंबी लावायची नाही, असा आमच्या घरचा कायदा होता.

शेंबी म्हणजे शिंगाच्या टोकावर चढवायची पितळी टोपी. एरवी ती कोणीही चढवतं, त्यात मोठं शास्त्र नाही. पण आमच्याकडे ती मेहबूबचाचांनीच चढवायची.

मेहबूबचाचा मालेगावचे, म्हणजे आमच्या वाशीमकडच्या मालेगावचे, कलईवाले. गावोगाव हिंडून भांड्यांना कलई करायची, पितळेची घुंगरं आणि शेंब्या ओतायच्या, फुटक्या घंट्या डाक देऊन सांधायच्या, हा त्यांचा धंदा. मी पाहिले तेव्हा दाढी पांढरी झाली होती आणि डाव्या डोळ्याच्या वर, भुवईखाली, एक खळगा होता. तो डोळा जरा खाली ओढलेला असे. त्यामुळे ते कोणाकडेही बघत असले तरी चिडवून बघताहेत असं वाटे. चिडवतच असायचे म्हणा.

आज्याला मी अरे-तुरे करतो आणि चाचांना अहो-जाहो. आज्यानं त्यांच्याशी काय केलं हे कळल्यापासून मला दुसरं जमत नाही. आज्याची त्याला कधी हरकत नव्हती.

गोष्ट माझ्या जन्माच्या पुष्कळ आधीची, एकोणीसशे पंचवीस-सव्वीस सालची. आमच्याकडे पाखऱ्या नावाचा बैल होता, गावातला मानाचा बैल. पोळ्याच्या तोरणाखालून पहिला तो जायचा. त्या उन्हाळ्यात त्याला घटसर्प झाला. मान सुजली, खाली बसला तो उठेचना. माझी आजी तुळसाबाई त्याच्यापाशी बसून राहिली आणि तिनं नवस बोलला, की हा उठला तर पोराचे वाळे याच्या शिंगावर चढवीन. हे पोर म्हणजे तिचं पहिलं, जे वर्षाचंही होऊ शकलं नव्हतं. त्याचे पायातले चांदीचे वाळे तिनं कापडात बांधून जपले होते. कोणाला हात लावू देत नसे. तेच वाळे तिनं बोलून टाकले, यावरून बैलाची किंमत काय ती समजा.

पाखऱ्या उठला. आजीनं मेहबूब कलईवाल्याला बोलावलं. त्यांनी आमच्या अंगणात भाता लावला आणि आजीच्या डोळ्यांसमोर ते वाळे वितळवून चांदीचे दोन कळस केले. लवंगेपेक्षा थोडे मोठे, टोकदार. पितळी शेंब्यांच्या माथ्यावर ते डाक देऊन बसवले. कळसाच्या बुडाशी आजीनं आपल्या हातानं लाल लोकरीचा गोंडा बांधला. ते काम चालू असताना आजी रडत होती आणि मेहबूबचाचा भाता ओढता ओढता तिच्याकडे न बघता म्हणाले, "रडू नका पाटलीनबाई, पोरगं आता पाखऱ्यासंगं पोया पाहीन." पोर पाखऱ्याबरोबर पोळा पाहील, हे वाक्य आजीला फार गोड लागलं होतं. म्हणूनच पुढचं सगळं तिला जास्त झोंबलं.

पोळ्याच्या दिवशी डाव्या शिंगाची शेंबी सैल वाटायला लागली. आज्यानं चाचांना सांगितलं, तू बैलाच्या बाजूनं चाल आणि लक्ष ठेव. सगळे बैल तोरणाखाली उभे राहिले, झडत्या झाल्या, म्हणजे पोळ्याची ती एकमेकांची टोपी उडवणारी गाणी म्हणून झाली, हर हर महादेव झालं, आणि तोरण तुटलं. पोळा फुटला. नेमक्या त्याच वेळी चाचा शेंबी दाबून बसवायला वाकले होते. मागून डफडी कडाडली, पाखऱ्यानं मान झटकली आणि शिंग चाचांच्या डाव्या डोळ्यावर बसलं.

चाचा खाली पडले, उठले, म्हणाले काही नाही, खरचटलं. वरच्या पापणीवर बारीकशी चीर होती. रक्तही फारसं नव्हतं. कोणीतरी हळद आणि तूप लावून चिंधी बांधली. बैल गावभर ओवाळून घेत फिरले, लोक पुरणपोळ्या जेवले. संध्याकाळी आजी शेंब्या उतरवायला गेली, तर डाव्या शेंबीवर कळस नाही.

मग काय विचारता. गाव कामाला लागलं. तोरणापासून आमच्या गोठ्यापर्यंतची माती चाळणीनं चाळली. गोंड्याबरोबर कोणा बैलानं खाल्ला असेल म्हणून साऱ्या गावाचं शेण आमच्या उकिरड्यावर आणून चाळलं. आज्यानं स्वतः बाह्या सारून चाळलं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. कळस मिळाला नाही.

आजीच्या तोंडून तेव्हा निघालं, "त्याच हातानं घडवला अन् त्याच हाताखालून गेला. मंग कुठी गेला?" तिनं चोर म्हटलं नव्हतं. पण तेवढं पुरलं. शेवटचा हात त्या शिंगावर कोणाचा होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आज्यानं चाचांना पारावर उभं केलं आणि सरळ विचारलं.

चाचांच्या डोळ्यावर चिंधी होती. त्यांनी त्या चिंधीवर तळहात ठेवला आणि भर गावात म्हणाले, "पाटील, ह्या डोयाची आन घेतो. म्या कयस नेला असंल, तं हा डोया सडून गयून पडो."

आता मी तुमच्यापासून काही लपवत नाही, कारण मला ते जमणार नाही. कळस त्या तळहाताखालीच होता. शिंगाचा तडाखा बसला तेव्हा तो बुडाशी मोडून, पापणीच्या चिरेतून, बुबुळाला न लागता डोळ्याच्या वरच्या अंगानं खोबणीत जाऊन बसला होता. गोंड्याचा लाल धागाही सोबत घेऊन गेला होता. वरची चीर आठवड्यात भरून आली. सारं गाव शेण चाळत होतं आणि चोरीचा माल ज्याच्यावर आळ त्याच्याच डोक्यात होता, आणि त्याला त्याची काडीइतकी खबर नव्हती.

त्या दिवसापुरती शपथ सगळ्यांनी मानली. आज्यानंही मानली, पण मन मारून. मालेगाव मोठं गाव, तिथे चाचांचा धंदा चालू राहिला. मात्र पुढच्या पोळ्याला आमच्याकडून बोलावणं गेलं नाही.

आणि त्याच पोळ्याच्या सुमाराला चाचांच्या डाव्या पापणीला सूज आली.

आधी वाटलं रांजणवाडी असेल. मग सूज वाढली, डोळा खाली आणि बाहेर ढकलला गेला, भुवईखाली गळू होऊन फुटलं. पू गेला की बरं वाटे. भोक बुजे. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. अशी वर्षांमागून वर्षं गेली. आणि किन्हीराजापासून मालेगावपर्यंत एकच वाक्य पसरलं, की शपथ फळली. डोळा सडेल म्हणाला होता, सडला. आता गळून पडायचा तेवढा बाकी आहे. बाजाराच्या दिवशी लोक भांडं कलईला द्यायच्या निमित्तानं डोळा बघून जात. भांडी मोजून देत आणि मोजून घेत. एका गावानं शेंब्यांचं काम बंद केलं म्हणून दुसऱ्यानं केलं. ज्या माणसानं उभ्या तालुक्याच्या शिंगांवर पितळ चढवलं, त्याला पोळ्याच्या दिवशी घरी बसावं लागायचं. मला हे लिहितानाही राग येतो. आज्यावर येतो, आणि आजीवर सुद्धा.

बुबुळ सरकल्यामुळे चाचांना सगळं दोन-दोन दिसायला लागलं होतं. कलई करताना ते डाव्या डोळ्यावर फडकं बांधत, नाहीतर नवसागर भलत्याच पातेल्यावर पडायचा. त्यांची बायको अमीनाबी, मूळची अनसिंगची, तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "तुमाले दोन-दोन अमीना दिसून राह्यल्या म्हन्ता. मंग दोघींतल्या एकीचं तं आयका! दवाखान्यात चला."

पण दवाखान्यालाच चाचा भीत होते. मालेगावात एकदा एका कंपाउंडरनं डोळा बघून सांगितलं होतं, की आत गाठ असणार, डोळा काढून टाकावा लागेल. तेव्हापासून चाचांनी दवाखान्याचं नाव टाकलं. दुखणं त्यांना सोसत होतं. डोळा गेलेला सोसणार नव्हता. डोळा गेला की शपथ पुरी झाली, आणि शपथ पुरी झाली की मेहबूब कलईवाला कायमचा चोर. हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि खोटं कुठे होतं त्यात? गाव तेच म्हणालं असतं.

असं करता करता आठ-नऊ वर्षं काढली. मग एका हिवाळ्यात पापणी उघडेचना, ताप चढला, डोकं ठणकून चाचा भिंतीला कपाळ टेकवून बसू लागले. अमीनाबी समोर येऊन बसली. या वेळी ती ओरडली नाही.

"डोया गेला तं लोक चोर म्हन्तीन, हेच ना?" ती म्हणाली.

"हो."

"अन् ह्याच डोयानं सडून मेले तं? तवा का म्हन्तीन? साव म्हन्तीन?"

 चाचा म्हणायचे, उभ्या आयुष्यात अमीनानं मला पुष्कळदा गप्प केलं, पण तेव्हा तिनं मला जगवलं.

दोघं वाशीमला गेले. दवाखान्यात उदयसिंग नावाचे डॉक्टर होते, दणकट, आवाज मोठा, पण हात हलका. चाचा खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, "डॉक्टरसायेब, काहीबी करा, पन डोया काढाचा नाई. कबूल असंल तं बसतो."

"मी तुझा डोळा गहाण ठेवून घेत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "वाचण्यासारखा असेल तर वाचवीन. आधी बघू तर दे."

चाचा वळून चालायला लागले. दारात अमीनाबी उंबरठ्यावर मांडी घालून बसली होती. तिला ओलांडून जाण्याची हिंमत त्यांच्यात नव्हती. ते परत येऊन बसले.

डॉक्टरांनी डोळा नीट पाहिला. वात दाखवली, हात हलवला. मग म्हणाले की बुबुळ धड आहे, दिसतंही आहे, बिघाड त्याच्या मागे-वर कुठेतरी आहे. त्यांनी भुवईखालच्या भोकातून एक बारीक सळई हळूच आत सारली. चाचांनी खुर्ची घट्ट धरली होती. सळई थोडी आत गेली आणि टक् झालं. बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही, पण चाचांना ते आपल्या कवटीच्या आत ऐकू आलं. डॉक्टरांच्या बोटांना ते कळलं. त्यांनी पुन्हा सारून बघितलं. पुन्हा टक्.

"हे हाड नाही," डॉक्टर म्हणाले. "काहीतरी कठीण आहे आत. धातूचं असावं. या डोळ्याला कधी काही लागलं होतं का?"

 चाचा हसायला लागले. डोळ्यातून पू वाहतोय, अंगात ताप, आणि हा माणूस खुर्चीवर मागेपुढे होऊन हसतोय. डॉक्टरांना वाटलं ताप डोक्यात गेला. अमीनाबी धावत आत आली. चाचांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "अमीना, कयस! पाटलाचा कयस हाये आतमंदी!"

डॉक्टरांना सगळं सांगावं लागलं. ऐकून तेही खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "चल, आत्ता काढून टाकू."

"नाई," चाचा म्हणाले. "आता नाई. पयले किन्हीराजाच्या पाटलाले बलावा. त्याच्या समोर काढाचा."

डॉक्टरांचा आवाज चढला. हा दवाखाना आहे, चावडी नाही, असं त्यांनी बजावलं. चाचा शांतपणे म्हणाले, "सायेब, इतकी वरसं थो बसला आतमंदी. आखीन दोन दिवस बसंल. पन माह्या हातानं काढून नेला, तं लोक म्हन्तीन घरून आनला. मले डोया पायजेच, पन नाव बी पायजे." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, तापावर औषध दिलं, आणि म्हणाले, दोन दिवस, जास्त नाही.

अमीनाबी निघाली. मिळेल त्या बैलगाडीनं, उरलेलं पायी, दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या अंगणात उभी होती. आजा दात घासत होता. त्यानं तिला ओळखलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"काय पायजे?"

"तुमी पायजे," अमीनाबी म्हणाली. "अन् थे मोडकी शेंबी पायजे. डॉक्टरच्या सळईले डोयात काहीतरी लागलं. तुमचा कयस असंल तं तुमचा घ्या. नसंल तं माहा नवरा चोर, म्या सवता पारावर येऊन सांगीन. पन पाह्याले तुमीच चला."

 आजा म्हणाला, तूर काढायची आहे, गडी नाहीत, मी कसा येऊ. खरं कारण तूर नव्हतं. आपण चुकलो असू, ही शंका त्याला पहिल्यांदाच शिवली होती, आणि ती त्याला नको होती.

तेवढ्यात आजी आतून बाहेर आली. तिच्या हातात कापडाची पुरचुंडी होती. मोडकी शेंबी तिनं इतकी वर्षं वाळ्यांच्याच कापडात बांधून ठेवली होती. ती सरळ जाऊन दमणीत, आमच्या त्या हलक्या बैलगाडीत, बसली, अमीनाबीला शेजारी बसायला जागा केली, आणि आज्याकडे बघून म्हणाली, "तुमी येता, का आमी दोघी जाऊ?"

आजा चूळ भरून निघाला.

वाशीमला पोचले तेव्हा डॉक्टर तयारीत होते. दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही, दारातून बघायचं, असं त्यांनी ठणकावलं. चाचांचं म्हणणं होतं की भूल देऊ नका, मला पाटलाचं तोंड पाहायचं आहे. डॉक्टरांनी ते मुळीच ऐकलं नाही. चाचा भुलीखाली गेले. जाता जाता अमीनाबीला म्हणाले, "डोयावर ध्यान ठेव."

दारात तिघंजण उभी होती. आज्यानं मला हे पुष्कळदा सांगितलं आहे. डॉक्टरांनी भोक थोडं वाढवलं, पू टिपून घेतला, चिमटा आत घातला. खूप वेळ काहीच झालं नाही. डॉक्टर घामाघूम झाले होते. आजी पुटपुटत होती, ती पाखऱ्यासाठी पुटपुटली होती तशीच. अमीनाबी एकटक बुबुळाकडे बघत होती, कळसाशी तिला कर्तव्यच नव्हतं. मग चिमटा हळूहळू बाहेर आला आणि टोकाला धरलेली वस्तू डॉक्टरांनी ताटलीत टाकली. टण् असा आवाज झाला. हा मात्र सगळ्यांना ऐकू आला.

काळपट पडलेला कळस होता. त्याच्या बुडाला कुजका धागा चिकटला होता. डॉक्टरांनी तो पाण्यात धुतला, तर अजून लाल.

"चांदी एकटी असती तर कदाचित कायमची गपचूप बसली असती," डॉक्टर म्हणाले. "हा धागा कुजत राहिला. आणि नशीब त्याचं, की कुजला. नाहीतर हे कोणाला कधीच कळलं नसतं."

आजीनं पुरचुंडी सोडली. तिनं कळस शेंबीच्या मोडलेल्या माथ्यावर ठेवला. एका बाजूला पितळेचा दाता वर राहिला होता, कळसाला तिथेच खाच होती. तो जागच्या जागी बसला. आजी तिथेच दारात बसली आणि मोठ्यानं रडली. आज्यानं डोक्याचा फेटा काढून हातात घेतला. आमच्या घराण्यात मयताशिवाय कोणी तसं करत नाही.

चाचा शुद्धीवर आले तेव्हा डाव्या डोळ्यावर जाड पट्टी होती. त्यांनी आधी तिला हात लावला.

"डोया?"

"हाये," अमीनाबी म्हणाली. "जाग्यावर हाये."

"अन् पाटील?"

"थेबी हायेत. जाग्यावर नाईत."

आजी पुढे आली. ती पाटलीण होती, पण तिनं आडवळण घेतलं नाही. खाटेपाशी उभी राहून म्हणाली, "मेहबूबभाऊ, म्या तुमाले चोर समजली. माह्या पोराची चांदी तुमी डोयात ठेवली अन् म्या तुमाले चोर समजली. मले माफ करा."

चाचा म्हणाले, "पाटलीनबाई, पोरगं पाखऱ्यासंगं पोया पाहीन म्हटलं होतं. माह्यासंगं पाह्यला त्यानं इतके पोये. बिचारं घरातच बसलं होतं पोयाच्या दिवशी." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते रडले. डॉक्टर ओरडले की पट्टी भिजेल.

जखम भरली. या वेळी ती खरंच भरली, पुन्हा फुटली नाही. खळगा राहिला, डोळा जरा खाली ओढलेला राहिला, पण दिसायचं ते एकाचं एक दिसू लागलं. अमीनाबी म्हणायची, "आता एकच अमीना दिसते, तरीबी आयकत नाईत."

त्या वर्षीच्या पोळ्याला आजा स्वतः दमणी जुंपून चाचांना आणायला मालेगावला गेला. भर बाजारातून त्यांना शेजारी बसवून आणलं, आणि मुद्दाम हळू हाकलं. मधल्या गावांतले लोक रस्त्यावर येऊन उभे होते. ज्या लोकांनी डोळा सडलेला बघायला गर्दी केली होती, तेच आता धड डोळा बघायला उभे. चाचा दोन्ही डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत होते.

पाखऱ्या म्हातारा झाला होता. नांगराला जुंपत नव्हते, पण मान त्याचाच होता. चाचांनी अंगणात भाता लावला, कळसाला नवीन डाक दिला. काळपट चांदी घासून चकचकीत करायला त्यांनी चिंच मागितली, तर आजी म्हणाली, "घासू नका. असाच राहू द्या." म्हणून आमच्या त्या जोडीतला एक कळस पांढरा आणि एक काळा आहे. नवीन लाल गोंडा तिनं बांधला. बैलाला ओवाळून झाल्यावर तिनं ताट तसंच वळवून चाचांना ओवाळलं. चाचा गोंधळले, मग त्यांनी टोपी नीट केली आणि ताठ उभे राहिले.

तोरणाखाली बैल लागले. झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात पाटलानं झडती म्हणायची नसते, ती ऐकायची असते, कारण बहुतेक झडत्या पाटलाचीच खोड काढणाऱ्या असतात. पण आजा पुढे झाला. त्यानं हात वर केला, डफडी थांबली, आणि त्याच्या त्या फाटक्या आवाजात त्यानं म्हटलं:

"शेंबीचा कयस हो कुठी गेला?
पाटील म्हने, कारागिरानं नेला!
कारागिराच्या डोयात चांदी पिकली,
अन् पाटलाची मान भर पोयात झुकली!"

आणि त्यानं खरंच मान झुकवली. ज्या पारावर चाचांना उभं केलं होतं त्या पारासमोर, सगळ्या गावादेखत, मेहबूब कलईवाल्यापुढे.  मग कोणीतरी हर हर महादेव म्हटलं आणि गावानं ते असं उचललं की पाखऱ्यानं पुन्हा मान झटकली. या वेळी चाचा लांब उभे होते.

गलका ओसरल्यावर ते बैलापाशी गेले. शिंग धरलं, कळस बोटानं हलवून पाहिला. हलला नाही. मग आज्याकडे वळून, तो ओढलेला डोळा रोखून, साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाटील, आता हरपला तं शेन चाळू नका. सिद्दे माह्याकडं या."